उष्ण हवामानात इंजिन ऑइल किती अंतराने बदलावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, टर्बो नसलेली छोटी कार आहे. तिच्या मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइल दर १०,००० किलोमीटरला किंवा १२ महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावे असे दिले आहे. त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप आहे, की वाहन खडतर परिस्थितीत वापरले जात असेल तर हे अंतर निम्मे करावे. खडतर परिस्थितीची जी यादी तिथे दिली आहे तीत धूळ, सतत थांबत-चालत होणारा प्रवास, अगदी जवळच्या फेऱ्या, जड ओझे आणि अति उष्ण हवामान या सगळ्या गोष्टी एकाच ओळीत मांडलेल्या आहेत, त्यामुळे त्यांतली कोणती किती महत्त्वाची आहे हे कळत नाही.

मी राहतो तिथे उन्हाळ्यात दुपारचे तापमान बरेच दिवस ४२ ते ४५ अंश सेल्सिअस असते. गाडी मुख्यतः कामावर जाण्या-येण्यासाठी वापरतो. अंतर फार नाही, पण गर्दीमुळे सरासरी वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास राहतो आणि एसी पूर्ण वेळ चालू असतो. वर्षभरात नऊ-दहा हजार किलोमीटर होतात. एका मेकॅनिकने सांगितले, की उन्हाळ्यात ऑइल पातळ होऊन त्याचा कस लवकर जातो, म्हणून दर ३,००० किलोमीटरला बदला आणि एक ग्रेड जाड ऑइल टाका. दुसऱ्याचे म्हणणे असे, की हल्लीच्या सिंथेटिक ऑइलला उन्हाने काही होत नाही, १०,००० किलोमीटर निर्धास्त चालवा. दोघेही अनुभवी आहेत, आणि दोघांनी आपापला सल्ला मनापासून दिला आहे.

बाहेरच्या तापमानाचा ऑइलच्या आयुष्यावर खरोखर किती परिणाम होतो, आणि माझ्यासारख्या वापरात ते किती किलोमीटरला बदलणे योग्य ठरेल, हे कारणांसह समजून घ्यायची इच्छा आहे. ऑइल विनाकारण फेकून देणे मला पटत नाही, आणि चुकीच्या काटकसरीने इंजिनाचे नुकसान व्हावे असेही वाटत नाही.

प्रतिसाद १

प्रश्न अतिशय नेमका मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम बाहेरच्या हवेचे तापमान आणि इंजिनमधल्या ऑइलचे तापमान यांची गल्लत होऊ देऊ नये. पाण्याने, म्हणजे कूलंटने, थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट नावाची झडप असते. कूलंट साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत ती बंद राहते आणि त्यानंतर उघडून ते रेडिएटरकडे सोडते. हवा २० अंशांची असो वा ४५ अंशांची, कूलंट ९० ते १०५ अंशांच्या पट्ट्यात ठेवण्याचे काम थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून करतात. ऑइल याच धातूच्या सान्निध्यात फिरत असल्यामुळे नेहमीच्या प्रवासात तेही ९० ते ११० अंशांच्या दरम्यान स्थिरावते. चढावर, पूर्ण ओझ्यासह किंवा दीर्घकाळ अतिवेगात ते १२० ते १३० अंशांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे हवा २० अंशांनी तापली म्हणजे ऑइलही २० अंशांनी तापले, असे होत नाही. ऑइलच्या चेंबरला खालून लागणारा वारा गरम असतो, त्यामुळे त्याची उष्णता कमी वेगाने निघून जाते आणि तापमान काही अंशांनी वाढते, इतकेच.

हे 'काही अंश' मात्र अगदीच क्षुल्लक नाहीत. तप्त ऑइलचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते हळूहळू आम्लधर्मी आणि दाट होत जाते, आणि या प्रक्रियेचा वेग तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ठोकताळा आहे. म्हणून सतत ११५ अंशांवर काम करणारे ऑइल १०० अंशांवरच्या ऑइलपेक्षा निश्चितच लवकर म्हातारे होते. ऑइल पातळ होते म्हणून ते खराब होते, हा समज मात्र चुकीचा आहे. तापल्यावर पातळ होणे हा त्याचा नेहमीचा गुणधर्म आहे. थंड झाल्यावर ते पूर्ववत होते आणि त्यात त्याचे काहीही बिघडत नाही.

उष्ण हवामानाचा एक फायदाही आहे, आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते, पण थोडे पिस्टनच्या रिंगांमधून निसटून चेंबरमध्ये उतरते, आणि इंजिन थंड असताना त्याच वाटेने न जळलेले पेट्रोलही ऑइलमध्ये मिसळते. इंजिन पुरेसे तापले तर हे दोन्ही उडून जाते. थंड प्रदेशात पाच-सात किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरते तापतच नाही, त्यामुळे पाणी आणि पेट्रोल साचून गाळ तयार होतो. तुमच्याकडे ही अडचण बरीच कमी असणार, कारण उन्हाळ्यात इंजिन सुरू होतानाच कोमट असते.

मग तुमच्या वापरात अंतर कमी करायचे की नाही? माझ्या मते करावे, पण त्याचे मुख्य कारण गर्दी आहे. किलोमीटरऐवजी इंजिन किती तास चालले याचा हिशेब करून पाहा. ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने १०,००० किलोमीटर जायला २०० तास लागतात. ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने तेवढ्याच अंतराला ५०० तास लागतात. मीटरवरचा आकडा तोच, पण ऑइलने केलेले काम अडीच पट. जागेवर उभे असताना इंजिनावर ओझे कमी असते, त्यामुळे हे तास अगदी सारख्या मोलाचे धरता येणार नाहीत. तरी त्या वेळात रेडिएटरला आणि चेंबरला वाहता वारा मिळत नाही, एसीच्या कंडेन्सरची गरम हवा बॉनेटखालीच शिरते आणि ज्वलनातून निसटणारे वायू ऑइलमध्ये मिसळतच राहतात. मॅन्युअलमधली निम्म्या अंतराची टीप तुम्हाला लागू होते. दर ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी ऑइल आणि त्याबरोबर फिल्टर बदला. या हिशेबाने तुमचे ऑइल सुमारे २५० तास चालेल, जे मोकळ्या रस्त्यावरच्या पूर्ण अंतरापेक्षा जास्तच आहे. ३,००० किलोमीटरचे मला कोणतेही कारण दिसत नाही.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी वाहनांच्या एका मोठ्या ताफ्याच्या देखभालीचे काम पाहतो, आणि उष्ण, कोरड्या हवामानात ऑइलविषयी बोलताना जी गोष्ट सर्वांत आधी यायला हवी ती वर आलेली नाही, म्हणून लिहीत आहे. ती म्हणजे धूळ.

जिथे उन्हाळा कडक असतो तिथे जमीन कोरडी असते आणि हवेत बारीक धूळ असते. या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूचाच कण, मोठ्या प्रमाणात असतो, आणि तो लोखंडापेक्षा कठीण असतो. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल, त्याची रबरी कड फाटलेली असेल किंवा हवेच्या पाइपाची क्लिप सैल असेल, तर हे कण सिलिंडरमध्ये शिरतात, रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासतात आणि तिथून ऑइलमध्ये उतरून बेअरिंगपर्यंत पोहोचतात. आमच्याकडे जुन्या ऑइलचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. अहवालात सिलिकॉनचे, म्हणजे सिलिकातल्या मूलद्रव्याचे, प्रमाण वाढलेले दिसले की त्याबरोबर लोहाचे प्रमाणही वाढलेले दिसते, म्हणजे धूळ शिरली आणि धातू झिजला. अशा वाहनाचे ऑइल कितीही वेळा बदलले तरी, धूळ येण्याची वाट बंद होईपर्यंत झीज थांबत नाही. ऑइल बदलण्याचे अंतर ठरवताना एअर फिल्टरची स्थिती न पाहणे हे अर्धवट काम आहे. एक खबरदारी सांगतो: कागदी फिल्टर जोरदार हवेच्या झोताने पुन्हा पुन्हा साफ करून वापरू नये, कारण त्याच्या तंतूंमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी पडतात.

दुसरी गोष्ट पातळीची. उष्ण हवामानात आणि गर्दीत ऑइल थोडे जास्त उडते. ऑइल किती उडते हे मोजण्याची एक प्रमाणित चाचणी आहे. तिला नोआक चाचणी म्हणतात. तीत नमुना २५० अंशांवर एक तास तापवतात आणि वजनात किती घट झाली ते पाहतात. हल्लीच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाच्या, ५डब्ल्यू-३० या दाटपणाच्या ग्रेडच्या ऑइलमध्ये ही घट १५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. चेंबरमध्ये एवढे तापमान नसते, पण पिस्टनच्या रिंगांजवळ आणि सिलिंडरच्या वरच्या भागात ऑइलचा पातळ थर फार तापतो. त्यातले हलके घटक आधी उडतात, उरलेले ऑइल दाट होते आणि पातळी खाली जाते. डिपस्टिकवरच्या, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरच्या, वरच्या आणि खालच्या खुणांमध्ये बहुतेक कारमध्ये सुमारे एक लिटरचा फरक असतो. चार लिटरच्या चेंबरमध्ये तीनच लिटर उरले, तर तेवढीच उष्णता, तेवढीच काजळी आणि तेवढेच आम्ल पाऊण ऑइलला सांभाळावे लागते, त्यामुळे ते अधिक तापते आणि लवकर संपते. ५,००० किलोमीटरला ऑइल बदलणारा, पण मधल्या काळात एकदाही डिपस्टिक न पाहणारा माणूस मला १०,००० किलोमीटरला बदलून दर पंधरवड्याला पातळी पाहणाऱ्यापेक्षा जास्त जोखीम घेताना दिसतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून पातळी पाहावी. मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी.

ऑइलच्या रंगावरून निर्णय घेऊ नये. ऑइलमधले डिटर्जंट आणि काजळी विखुरलेली ठेवणारे घटक आपले काम करू लागले की ते काळपट होते. डिझेल इंजिनात तर ते बदलल्यावर थोड्याच वेळात काळे होते आणि तरीही उत्तम असते. दुधाळ, कॉफीसारखा रंग दिसला तर मात्र पाणी किंवा कूलंट मिसळले आहे असे समजून लगेच तपासणी करावी. डिपस्टिकवरचे ऑइल पेट्रोलच्या उग्र वासाचे आणि पाण्यासारखे पातळ वाटले, किंवा पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली, तरीही वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तासांचा हिशेब मी कधी केलाच नव्हता आणि तो पूर्णपणे पटला.

ग्रेडविषयी अजून शंका आहे. माझ्या गाडीसाठी ५डब्ल्यू-३० सांगितले आहे. आमच्याकडे कडाक्याची थंडी नसते, मग त्यातल्या ५ या आकड्याचा मला काय उपयोग? आणि उन्हाळ्यापुरते ४० ग्रेडचे ऑइल टाकले तर संरक्षण वाढेल का? शिवाय घरात हवेने थंड होणारी एक मोटरसायकलही आहे. तिलाही हाच विचार लागू होतो का?

प्रतिसाद ३

ग्रेडच्या शंकेचे उत्तर मी देतो; मोटरसायकलविषयी अधिक माहिती असलेले कोणी लिहितील.

ग्रेडची ही पद्धत एसएई या संस्थेच्या जे३०० नावाच्या मानकावरून आली आहे. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा ऑइल शून्याखालच्या तापमानात किती सहज हलते हे सांगतो. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, त्यामुळे तुमच्या हवामानात ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू यांत सुरुवातीच्या प्रवाहाचा फरक फारसा जाणवणार नाही. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. १०० अंशांवर ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक आणि ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असावा लागतो. त्याशिवाय आणखी एक अट आहे आणि उष्णतेच्या दृष्टीने मी तिला अधिक महत्त्व देतो. बेअरिंगमध्ये ऑइल अतिशय अरुंद फटीतून प्रचंड वेगाने घासले जाते. त्या परिस्थितीची नक्कल करून १५० अंशांवर दाटपणा मोजतात. तिथे ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, आणि ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० यांना किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद एवढा दाटपणा टिकवावा लागतो. म्हणजे ही चाचणीच १५० अंशांवर होते, आणि तुमच्या चेंबरमधले ऑइल ४५ अंशांच्या दुपारीही त्याच्या बरेच खाली असते. इंजिनाची रचना करणाऱ्यांनी ३० ग्रेड ठरवताना ही जागा राखून ठेवलेली असते.

१०० अंशांच्या आसपास तापमान १० अंशांनी वाढले की ऑइलचा दाटपणा ढोबळमानाने एक पंचमांश कमी होतो. उन्हामुळे तुमचे ऑइल पाच-सात अंश अधिक तापते असे धरले, तर दाटपणातली घट दहा-पंधरा टक्क्यांची असेल. त्यासाठी ग्रेड बदलण्याची गरज नाही. जाड ऑइलचेही तोटे असतात. ते स्वतःच्या अंतर्गत घर्षणाने अधिक तापते, बारीक वाटांमधून हळू जाते, पंपावर अधिक ताण आणते आणि इंधन थोडे जास्त लागते. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळा ऑइलच्या दाबावर बदलल्या जातात, तिथे दाटपणा अपेक्षेपेक्षा वेगळा असेल तर त्या यंत्रणेचा प्रतिसाद मंदावू शकतो.

तरीही जाड ग्रेड सरसकट निषिद्ध आहे असे मी म्हणणार नाही. अनेक मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाचे पट्टे दाखवणारा एक तक्ता असतो आणि त्यात ४० अंशांच्या वरच्या हवामानासाठी ५डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-४० यांसारखे पर्याय दिलेले असतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये असा तक्ता असेल आणि त्यात ४० ग्रेड असेल, तर उन्हाळ्यात, विशेषतः घाटातून किंवा ओझ्यासह लांबचा प्रवास असेल तेव्हा, तो वापरण्यात काहीच गैर नाही. बरेच चाललेले, ऑइल खाणारे इंजिन असेल तरीही एक पायरी जाड ऑइल मदत करते. तक्त्यात फक्त ५डब्ल्यू-३० असेल तर तेच ठेवावे. डब्याच्या मागे एपीआयचा कोणता दर्जा लिहिला आहे हेही पाहावे. जाड पण जुन्या दर्जाच्या ऑइलपेक्षा योग्य ग्रेडचे, सांगितलेल्या दर्जाचे ऑइल नेहमी चांगले.

सिंथेटिकविषयी थोडेसे. उष्णतेत ते खरोखर अधिक टिकते, कारण त्याच्या मूळ तेलात ऑक्सिजनशी लवकर संयोग पावणारे घटक कमी असतात आणि ते कमी उडते. पण आम्ल शोषून घेणारे डिटर्जंट, झीज रोखणारी जस्तयुक्त संयुगे आणि ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये त्यातही वापरून संपतात, आणि धुळीपुढे तर सिंथेटिक आणि मिनरल दोघांचीही अवस्था सारखीच असते. तुमच्या हवामानात सिंथेटिक जरूर घ्यावे, आणि त्याचा लाभ अंतर वाढवण्याऐवजी सुरक्षिततेसाठी घ्यावा.

प्रतिसाद ४

माझे मत थोडे वेगळे आहे. खडतर वापरासाठीचे निम्मे अंतर बहुतेकदा सर्व प्रकारच्या ऑइलना आणि सर्वांत वाईट परिस्थितीला पुरे पडेल अशा बेताने लिहिलेले असते. सुस्थितीतले, टर्बो नसलेले इंजिन, चांगला एअर फिल्टर, पूर्ण सिंथेटिक ऑइल आणि नियमित पातळी-तपासणी एवढे असेल, तर ७,००० ते ७,५०० किलोमीटर हे अंतर मला पुरेसे सुरक्षित वाटते. ज्यांना खात्री हवी असेल त्यांनी एकदा ऑइल बदलताना नमुना तपासून घ्यावा. अहवालात १०० अंशांवरचा दाटपणा मूळ ग्रेडच्या मर्यादेत आहे का, आम्ल शोषण्याची शिल्लक क्षमता किती आहे, पेट्रोल किती मिसळले आहे आणि लोह व सिलिकॉन किती आहे, हे चार आकडे पाहिले की आपल्या गाडीचा खरा जीव कळतो. इतरांच्या अनुभवावरून अंतर ठरवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे, आणि ऑइल वाया घालवायचे नाही हा प्रश्नकर्त्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जुने ऑइल गोळा करून त्याची योग्य विल्हेवाट लावणे सगळीकडे होतेच असे नाही.

काही गाड्यांमध्ये ऑइल केव्हा बदलावे हे सांगणारा दर्शक असतो. त्यांपैकी बहुतेक यंत्रणा ऑइल प्रत्यक्ष तपासत नाहीत; इंजिनाचे फेरे, तापमान, किती वेळा थंड स्थितीत सुरू केले अशा नोंदींवरून अंदाज बांधतात. उष्णता आणि गर्दी यांचा विचार त्यात होतो, धुळीचा होत नाही. ऑइल बदलल्यावर तो दर्शक शून्यावर आणायला विसरले तर पुढचे सगळे गणित चुकते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

नमुना तपासण्याच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि अहवाल चांगला आला तर ७,००० किलोमीटरला माझी हरकत नाही. तपासणी न करता मात्र मी ५,००० वरच थांबेन, कारण ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने ७,५०० किलोमीटर म्हणजे ३७५ तास होतात. शिवाय मॅन्युअलमधले अंतर ओलांडले आणि पुढे वॉरंटीत काही दुरुस्ती निघाली, तर सर्व्हिसच्या नोंदी विचारल्या जातात, हेही लक्षात ठेवावे.

प्रतिसाद ५

मोटरसायकलविषयी लिहितो. तिथे हवामानाचा परिणाम कारपेक्षा पुष्कळ थेट असतो आणि वर कारबद्दल दिलेला दिलासा तिला लागू होत नाही.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट नसतो. सिलिंडरच्या पंखांवरून जाणारी हवा हीच त्याची थंड होण्याची मुख्य सोय, आणि दुसरे शीतक म्हणजे ऑइल स्वतः. हवा ४५ अंशांची झाली की इंजिनाचे तापमान त्या प्रमाणात वर सरकते. गाडी सिग्नलला उभी राहिली की वारा बंद होतो आणि तापमान झपाट्याने चढते. बहुतेक लहान मोटरसायकलींमध्ये ऑइल एक लिटरच्या आसपासच असते, म्हणजे कारच्या चौथ्या हिश्शाइतके, आणि मोटरसायकलचे इंजिन बरेच जास्त फेऱ्यांवर चालते. एवढेच नव्हे, तर तेच ऑइल गिअरबॉक्स आणि क्लचलाही वंगण देते. गिअरचे दाते ऑइलमधल्या, दाटपणा टिकवणाऱ्या लांब रेणूंचे अक्षरशः तुकडे करतात, त्यामुळे मोटरसायकलचे ऑइल अल्पावधीतच आपल्या ग्रेडपेक्षा पातळ होऊ शकते. हा बदल थंड झाल्यावर भरून निघत नाही. गिअर अडखळत पडू लागणे, न्यूट्रल सहज न सापडणे ही त्याची जाणवणारी खूण आहे, आणि माझ्या मते या खुणेवर किलोमीटरच्या आकड्याइतकाच विश्वास ठेवावा.

म्हणून मोटरसायकलसाठी मॅन्युअलमधले अंतर ही कमाल मर्यादा मानावी आणि भर उन्हाळ्यात गर्दीतला वापर असेल तर त्याच्या दोन तृतीयांशावर ऑइल बदलावे. कारचे उरलेले ऑइल तिच्यात कधीही टाकू नये. कारच्या, विशेषतः ३० आणि त्याखालच्या ग्रेडच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि ऑइलमध्ये बुडालेला क्लच त्यांमुळे घसरू शकतो. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर जासो या जपानी मानक संस्थेचा एमए किंवा एमए२ हा दर्जा लिहिलेला असावा. पातळीबाबत इथे दुप्पट सावध राहावे, कारण एक लिटरमधले पाव लिटर कमी झाले तरी इंजिनाला तो मोठा फटका असतो.

प्रश्नकर्ता

सगळ्यांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल ऋणी आहे. मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता सापडला, त्यात ५डब्ल्यू-३० सर्व तापमानांसाठी दाखवले आहे, त्यामुळे ग्रेड बदलणार नाही. अंतर ५,००० किलोमीटर ठेवतो आणि पुढच्या वेळी नमुना तपासून घेतो. वर्षातून दोनदा बदलायचे तर उन्हाळा सुरू होण्याआधी बदलावे की संपल्यावर, एवढेच विचारायचे राहिले.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

उन्हाळ्याच्या तोंडावर बदलावे. याला ठोस कारण आहे. ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये शिल्लक असेपर्यंत ऑइलमध्ये बदल अगदी संथ होतो, आणि ती संपली की त्यानंतर दाटपणा व आम्लता वेगाने वाढू लागते. त्यामुळे ऑइलचे शेवटचे हजार-दीड हजार किलोमीटर भर उन्हाळ्यात पडू नयेत, असा बेत करावा. नवे ऑइल घेऊन उन्हाळा काढला, की त्याची शिदोरी सर्वांत कठीण महिन्यांत भरलेली असते, आणि सहा महिन्यांनी पुढची पाळी हवा निवल्यावर येते. उन्हाळ्याआधीच्या त्या खेपेलाच कूलंटची पातळी आणि वय, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ-पाने, पंखा वेळेवर सुरू होतो की नाही आणि एअर फिल्टर, हे सगळे एकत्र पाहून घ्यावे. इंजिन एखाद्या दिवशी प्रमाणाबाहेर तापले, तापमानाचा काटा लाल रेषेत गेला, तर मात्र किलोमीटर आणि महिने काहीही असोत, बिघाड दुरुस्त झाल्यावर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलावेत.